स्टेज झिरो म्हणे, मग काढायचं किती? स्तनाच्या डीसीआयएसबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले, कारण डीसीआयएसवर (डक्टल कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे स्तनातल्या दुधाच्या नळीतच थांबलेला आजार) बरीच पत्रं आली आणि जवळजवळ प्रत्येकीला घाई लावलेली दिसली. नावं अर्थातच छापत नाही.

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ५२, राहणार प्रतापनगर, नागपूर. भावजयीला कॅन्सर निघाला म्हणून घाबरून मीही मॅमोग्राफी करून घेतली तर उजव्या बाजूला कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले, हाताला गाठ वगैरे काहीच नाही लागत. सुईची बायोप्सी झाली, रिपोर्टात डीसीआयएस, ग्रेड २, ईआर पॉझिटिव्ह असं आलं. एक डॉक्टर म्हणतात तेवढाच भाग काढू आणि रेडिएशन देऊ, दुसरे म्हणाले पूर्ण काढून टाका म्हणजे कटकट मिटली. घरी सगळे काढूनच टाक म्हणून राहिले, मोठी नणंद म्हणते या वयात ठेवून करायचंय काय. मला कॅन्सर आहे की नाही हेच नीट समजून नाही राहिलं, आणि सोमवारपर्यंत काय ते सांगा म्हणाले. काय करू?

ताई, आधी त्या सोमवारचं बोलू. सोमवारी काही सांगायची गरज नाही. डीसीआयएस हा आठ-पंधरा दिवसांत हाताबाहेर जाणारा आजार नाही, तीन-चार आठवडे नीट विचार केला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, घरच्यांशी बोलणं झालं तरी काही बिघडत नाही. सहा महिने टाळाटाळ करायची नाही एवढंच. रुग्णालयाला फोन करून सांगा की मला वेळ हवाय, कोणीही नाही म्हणणार नाही, आणि म्हटलं तर तेच दुसरं मत घ्यायचं कारण समजा.

आता कॅन्सर आहे की नाही. दूध वाहून नेणाऱ्या नळ्या असतात ना, त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी कॅन्सरसारख्या झाल्यात, पण नळीच्या बाहेरचा जो पातळ पापुद्रा असतो तो त्यांनी फोडलेला नाही. रक्तवाहिन्या आणि लसीकेच्या वाहिन्या सगळ्या त्या पापुद्र्याच्या बाहेर, त्यामुळे या पेशींना लिव्हरला, हाडात, फुप्फुसात जायला रस्ताच नाही. म्हणून याला स्टेज झिरो म्हणतात आणि म्हणूनच यात केमो लागत नाही. मग उपचार तरी का करायचे? तर काही जणींचा आजार आयुष्यभर नळीतच बसून राहतो आणि काहींचा पुढच्या वर्षांमध्ये पापुद्रा फोडून खरा पसरणारा कॅन्सर होतो, आणि कोणाचा कुठल्या वाटेने जाणार हे आज कुठलीही टेस्ट खात्रीने सांगत नाही. सगळी अडचण इथेच आहे.

तुमच्यापुढे जे दोन रस्ते ठेवलेत ते दोन्ही बरोबर आहेत, दोघांपैकी कुठलेही डॉक्टर तुम्हाला फसवून नाही राहिले. फरक कशात पडतो ते नीट समजून घ्या. नुसता तेवढा भाग काढला आणि रेडिएशन दिलं नाही तर दहा वर्षांत १०० पैकी साधारण २८ जणींना त्याच स्तनात पुन्हा काहीतरी निघतं, रेडिएशन दिलं तर १३ जणींना. हे आकडे चार मोठ्या अभ्यासांतल्या ३,७२९ बायकांचे आहेत, २०१० मध्ये एकत्र करून छापले गेले, आणि त्या बायकांवर उपचार झाले तो काळ जुना, आजच्या मॅमोग्राफीत आणि ऑपरेशनमध्ये पुन्हा निघण्याचं प्रमाण याहून कमी दिसतं. पुन्हा निघालेल्यांपैकी साधारण निम्म्या वेळा ते परत डीसीआयएसच असतं आणि निम्म्या वेळा पापुद्रा फोडलेला कॅन्सर. पूर्ण स्तन काढला तर पुन्हा निघायचं प्रमाण १०० पैकी एक-दोनवर येतं. हे वाचून तुम्ही म्हणाल मग काढूनच टाकलेलं बरं की. थांबा, पुढचं वाचा. रेडिएशन दिलेल्या आणि न दिलेल्या बायकांमध्ये या आजाराने मृत्यू होण्याच्या प्रमाणात त्या अभ्यासांत फरक दिसला नाही, आणि अमेरिकेतल्या १,०८,१९६ बायकांच्या नोंदी २०१५ मध्ये छापून आल्या त्यात डीसीआयएसनंतर २० वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने जाणाऱ्या बायका १०० पैकी साधारण तीनच निघाल्या, कुठलंही ऑपरेशन केलेलं असो. म्हणजे मोठं ऑपरेशन तुम्हाला पुन्हा निघण्यापासून जास्त वाचवतं, पण आयुष्य वाढवून देत नाही. हे वाक्य घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा, नणंदबाईंना तर नक्की. घरोघरी जी भीती असते ती ‘ठेवलं तर जीव जाईल’ अशी असते आणि त्या भीतीपोटी निर्णय होतो, आणि तो होतो तेव्हा जिचं शरीर आहे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

मग ठरवायचं कशावर? ठिपके किती जागेत आहेत त्यावर. मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये मिलीमीटर किंवा सेंटीमीटरमध्ये आकडा असतो, नसेल तर रेडिओलॉजिस्टना विचारून लिहून घ्या. दोन-तीन सेंटीमीटरच्या एकाच पट्ट्यात असेल आणि स्तन त्या मानाने बरा मोठा असेल तर तेवढा भाग काढून आकार चांगला राहतो. ठिपके स्तनाच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांत असतील, किंवा काढायचा भाग इतका मोठा की उरलेल्याला काही आकारच राहणार नाही, किंवा आधी कधी त्याच बाजूला छातीवर रेडिएशन झालेलं असेल, तर पूर्ण काढणं हाच शहाणपणाचा मार्ग. तुमच्या पत्रात हा आकडा नाही आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हे मला इथे बसून सांगता येणार नाही.

भाग काढायचं ठरलं तर ऑपरेशन कसं होतं हेही सांगते, कारण हाताला न लागणारी गोष्ट डॉक्टर काढणार कशी हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आधी रेडिओलॉजीत नेतात, जागा बधिर करून मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीत बघत एक केसासारखी बारीक तार नेमकी त्या ठिपक्यांपर्यंत सरकवतात, बाहेरचं टोक ड्रेसिंगखाली चिकटवतात आणि तशीच थिएटरमध्ये पाठवतात. सर्जन त्या तारेच्या अंदाजाने भाग काढतात आणि तो काढलेला तुकडा लगेच मॅमोग्राफीत घालून बघतात, ठिपके सगळे त्यात आलेत की नाही. मग पॅथॉलॉजीत त्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात, वरची बाजू, खालची बाजू, आतली बाजू वेगवेगळ्या रंगात, आणि काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात की आजार शाईपासून किती दूर आहे. दोन मिलीमीटर किंवा जास्त अंतर मिळालं तर मार्जिन चांगली. शाईला टेकलेला असेल तर पुन्हा थोडा भाग काढावा लागतो, हे बऱ्याच जणींच्या बाबतीत होतं आणि त्यात कोणाची चूक नसते, डीसीआयएस नळीनळीने सरकलेला असतो आणि डोळ्याला दिसत नाही. आधीच माहीत असलं की दुसऱ्यांदा बोलावल्यावर पायाखालची जमीन सरकत नाही. काखेतल्या गाठी काढायची गरज या ऑपरेशनमध्ये सहसा नसते, कोणी सुचवलं तर का म्हणून विचारा.

रेडिएशन म्हणजे बाहेरून मशीनने दिलेला शेक, आता बहुतेक ठिकाणी १५-१६ सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवड्यांच्या आसपास, कधी ऑपरेशनच्या जागेवर चार-आठ जास्तीचे. हार्मोनच्या गोळीचा निर्णय सगळ्यात शेवटी, काढलेल्या तुकड्याचा मोठा रिपोर्ट आल्यावर. ईआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे पेशी इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणाऱ्या आहेत, तेव्हा हे हार्मोन अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनचा उपयोग होतो, त्याच स्तनात आणि दुसऱ्याही स्तनात पुढे काही निघायचं प्रमाण कमी होतं. नेहमीचा डोस २० मिलीग्रॅम, पाच वर्षं. अंगातून वाफा येणं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पाळी गेलेल्या बाईला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हे त्याचे धोके, नंतरचे दोन क्वचित पण खरे. इटलीतल्या एका अभ्यासात फक्त ५ मिलीग्रॅम, तीन वर्षं देऊनही पुन्हा निघण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं आणि त्रास खूप कमी, तेव्हा वाफांना घाबरून गोळीच नको म्हणणाऱ्यांनी या कमी डोसबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. ५ ची गोळी नाही मिळाली तर १० ची दिवसाआड देतात. पाळी पूर्ण गेली असेल तर ॲनास्ट्रोझोल हा दुसरा पर्याय, त्यात हाडांची तपासणी करून घ्यायची. आणि डिप्रेशनची गोळी चालू असेल तर नाव सांगा, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतात.

एक राहिलं, भावजय ही तुमच्या रक्ताची नाही, तिच्या आजाराने तुमचा धोका वाढलेला नाही. तिच्या मुलींनी मात्र लक्ष ठेवायचं. आणि ‘या वयात ठेवून करायचंय काय’ याचं उत्तर फक्त तुमचं. बावन्नव्या वर्षी आरशासमोर उभं राहताना बाईला काय वाटतं हे नणंदेने ठरवायचं नसतं, तसंच कोणाला खरंच वाटत असेल की दर वर्षी मॅमोग्राफीच्या रिपोर्टची वाट बघणं मला झेपणार नाही, काढून टाकलं तर मी शांत झोपेन, तर तेही तितकंच योग्य कारण आहे. फक्त ते तुमच्या मनातून आलेलं असावं.

वय ३८, सक्करदरा. डाव्या बाजूला डीसीआयएस, हाय ग्रेड, एमआरआयमध्ये दोन ठिकाणी दिसतोय. पूर्ण काढावा लागेल हे मी स्वीकारलंय पण सासरचे म्हणतात एकाच वेळी दोन्ही काढून मोकळी हो, पुन्हा भानगड नको. मुलं सहा आणि तीन वर्षांची आहेत. माझ्या आईची बहीण ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. दोन्ही काढू का?

आत्ताच नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटून दुसरी आहे. सख्खी मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली आणि तुम्हाला चाळिशीच्या आत हे निघालं, म्हणजे ऑपरेशनआधी रक्ताची जेनेटिक तपासणी करायलाच हवी, बीआरसीए १, बीआरसीए २ आणि बरोबरची काही जीन्स. रिपोर्टला काही आठवडे लागतात आणि तेवढं थांबता येतं, हाय ग्रेड (म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी जास्त बिघडलेल्या) असला तरी. जीनमध्ये दोष निघाला तर दोन्ही काढणं हा खरोखर विचार करण्यासारखा पर्याय होतो, आणि पुढे ओव्हरीचंही बोलावं लागतं, बहिणींचंही. दोष नाही निघाला तर चांगल्या बाजूला नवीन काही व्हायचा धोका वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, त्यासाठी चांगला स्तन काढून आयुष्य वाढत नाही, ऑपरेशन मात्र दुप्पट, ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) दोन्हीकडे, जखम चिघळायचा धोका दुप्पट, आणि दोन्हीकडची संवेदना गेलेली. तीन वर्षांचं लेकरू कडेवर घ्यायचं असतं हो तुम्हाला.

डाव्या बाजूचं तुम्ही स्वीकारलंय ते बरोबर आहे, दोन ठिकाणी असेल तर सहसा पूर्णच काढतात, फक्त एमआरआयमध्ये दिसलेल्या त्या दुसऱ्या जागेची बायोप्सी झाली आहे ना हे बघून घ्या. एमआरआय जास्तीचं दाखवतो, नुसत्या एमआरआयवर कोणाचाही स्तन काढू नये असं माझं ठाम मत आहे. पूर्ण काढताना काखेतली पहिली एक-दोन गाठ तपासणं इथे मात्र योग्य, कारण मोठ्या रिपोर्टमध्ये कुठे पापुद्रा फोडलेला सापडला तर स्तन गेल्यावर नंतर ती गाठ नेमकी शोधता येत नाही. सगळ्या गाठी काढायच्या नाहीत, त्याने हाताला कायमची सूज येऊ शकते.

आणि ऑपरेशनच्या आधी प्लास्टिक सर्जनना भेटा. ही भेट आपल्याकडे कोणी सुचवत नाही आणि नंतर बायका हळहळतात. डीसीआयएसमध्ये बऱ्याचदा वरची कातडी, कधी कधी स्तनाग्रही, तसंच ठेवून आतला भाग काढता येतो आणि त्याच बैठकीत इम्प्लांट किंवा पोटाची, पाठीची चरबी-स्नायू वापरून नवीन स्तन बनवता येतो. पूर्ण काढल्यावर मार्जिन चांगली असेल तर रेडिएशन लागत नाही, त्यामुळे बनवलेला चांगला टिकतो. पुढे टॅमॉक्सिफेन घ्यायचं ठरलं तर त्या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, कॉपर-टी किंवा दुसरा उपाय.

आईचं वय ७४, आम्ही महाल भागात राहतो. तिला ८ मिलीमीटरचा डीसीआयएस होता, लो ग्रेड, काढला, मार्जिन ६ मिलीमीटर आली. हार्टची पेशंट आहे, दोन स्टेंट आहेत, डावी बाजू. आता रेडिएशनला रोज न्यायचं आहे. खरंच लागेल का? नाही दिलं तर आम्ही हयगय केली असं तर नाही होणार?

नाही होणार. अशाच लहान, कमी-मध्यम ग्रेडच्या, मार्जिन चांगली असलेल्या डीसीआयएसवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, १५ वर्षांनी रेडिएशन न घेतलेल्यांत १०० पैकी १५ जणींना त्या स्तनात पुन्हा निघालं आणि घेतलेल्यांत ७ जणींना. म्हणजे फायदा आहे, पण पंधरा वर्षांत १०० पैकी आठ जणींना, आणि तुमच्या आईचं वय ७४ आणि हृदय नाजूक. तिने रेडिएशन टाळलं तर मी तरी हरकत घेणार नाही. पण तिला विचारलंत का? पत्रात कुठेच आईचं म्हणणं दिसलं नाही. बऱ्याच आज्यांना मी बघितलंय, त्यांचं स्वतःचं मत अगदी स्पष्ट असतं, फक्त कोणी खुर्ची ओढून समोर बसत नाही. तिने घ्यायचं म्हटलं तर डाव्या बाजूला श्वास भरून धरायला लावून शेक देण्याची पद्धत असते, छाती फुगली की हृदय मागे सरकतं, ती सोय आहे का विचारून घ्या.

माझ्या मिसेसला डीसीआयएस आहे, स्तनाग्रातून रक्तासारखा डाग यायचा म्हणून तपासलं. व्हॉट्सॲपवर वाचलं की अमेरिकेत आता ऑपरेशनच करत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. आपल्याकडे डॉक्टर हे का नाही सांगत? (जरीपटका)

भाऊ, बातमी अर्धी खरी आहे. कॉमेट नावाचा अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये छापून आला, साडेनऊशेच्या वर बायका, निम्म्यांना नेहमीचं ऑपरेशन आणि निम्म्यांना दर सहा महिन्यांनी मॅमोग्राफी करून नुसतं लक्ष. दोन वर्षांनी पसरणारा कॅन्सर ऑपरेशनवाल्यांत ५.९ टक्के आणि लक्ष ठेवलेल्यांत ४.२ टक्के, म्हणजे लक्ष ठेवलेल्या बायका मागे पडल्या नाहीत. मला स्वतःला याचा आनंद आहे, कारण लो ग्रेडच्या कित्येक बायकांचं आपण गरजेपेक्षा जास्त करतो. पण दोन गोष्टी. डीसीआयएससाठी दोन वर्षं काहीच नाहीत, हा दहा-पंधरा वर्षांनी डोकं वर काढणारा आजार. आणि त्यात घेतल्या होत्या फक्त चाळिशीच्या वरच्या, ग्रेड १ किंवा २ च्या, हार्मोन पॉझिटिव्ह, आणि ज्यांना गाठ नाही, डाग नाही, फक्त मॅमोग्राफीत दिसलंय अशा. तुमच्या मिसेसला रक्ताचा डाग येतो, म्हणजे तो अभ्यास त्यांच्यासाठी नव्हताच. शिवाय सुईच्या बायोप्सीत डीसीआयएस आलेल्या दर चार-पाच जणींपैकी एकीच्या मोठ्या तुकड्यात पापुद्रा फोडलेला कॅन्सर सापडतो. त्यांचं ऑपरेशन करून घ्या. आणि आपल्याकडे सगळ्या बायकांना बोलावून मॅमोग्राफी करायची पद्धत नाही, त्यामुळे आपल्या बायका बहुतेक गाठ किंवा डाग घेऊनच येतात, तिकडचा नियम इथे जसाच्या तसा लागत नाही.

ज्यांनी हे वाचलं आणि ज्यांच्या ब्लाउजला, ब्राला एकाच बाजूने, न दाबता, रक्ताचा किंवा पाण्यासारखा डाग पडतो त्यांनी धुऊन विसरून जाऊ नका. दाखवा.

खर्च झेपणार नाही. घरकाम करते. कुठे जाऊ? (मानेवाडा)

ताई, तुमच्या जवळच मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, वर्धा रोडला जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, दोन्हीकडे ऑपरेशन आणि रेडिएशन होतं. मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) आणि मिहानच्या एम्समध्येही ऑपरेशनसाठी दाखवता येतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं काउंटर शोधा, गुलाबी-पांढरे कागद गोळा करत फिरू नका, तोच माणूस सगळं ऑनलाइन भरतो. एकच लक्षात ठेवा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. पैसे भरून ऑपरेशन केलं आणि मग योजनेत घाला म्हटलं तर होत नाही, यात कितीतरी घरांनी सोनं मोडलंय. जायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा की त्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही योजनेत बसतं का.

रेडिएशन एप्रिल-मेमध्ये आलंय. उन्हात रोज जाणं, त्वचा जळते म्हणतात, घरी नातू आहे त्याला जवळ घेऊ नको म्हणे. केस जातील का?

डोक्याचे केस जाणार नाहीत, ते केमोने जातात आणि तुम्हाला केमो नाही. नातवाला पोटभर जवळ घ्या, बाहेरून दिलेल्या शेकाने अंगात काहीही साठून राहत नाही, मशीन बंद झालं की संपलं. स्वयंपाकही करा, एका ताटात जेवा. हे कोणी सांगितलं त्यांना हे पान दाखवा, कारण अशा बोलण्याने बाई महिनाभर स्वतःच्या घरात वाळीत टाकल्यासारखी राहते आणि मला त्याचा फार त्रास होतो.

ऊन मात्र खरं आहे, नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसला टेकतो. सकाळची वेळ मागून घ्या, मिळते. सुती, सैल, जुना कुर्ता, नायलॉनची ब्रा त्या तीन आठवड्यांत आणि नंतरही काही दिवस नको, स्तनाच्या खालच्या घडीत घाम साठला की कातडी तिथेच आधी सोलते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा साध्या पाण्याने ओला कपडा टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. टेक्निशियनने काढलेल्या खुणा पुसू नका. हळद, कोरफड, शेजारणीने दिलेलं तेल काहीही लावण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. चौथ्या-पाचव्या सिटिंगला काहीच होत नाही, लाली आणि काळेपणा बहुतेक शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यावर आठ-दहा दिवस वाढतो, मग उतरतो. थकवा येतो, दुपारी आडवं व्हा, धुणं-भांडी कोणीतरी बघेल.

सगळं झालं, आता पुढे किती दिवसांनी दाखवायचं? (खामला)

पहिली मॅमोग्राफी उपचार संपल्यावर सहा ते बारा महिन्यांत, मग दर वर्षी, दोन्ही बाजूंची. एक बाजू पूर्ण काढली असेल तर उरलेल्या बाजूची. डॉक्टरांकडून हाताने तपासणी पहिली काही वर्षं सहा महिन्यांनी. पेट स्कॅन, ट्यूमर मार्करच्या रक्ताच्या तपासण्या काही लॅब पॅकेजमध्ये घुसवतात, त्याची डीसीआयएसमध्ये गरज नाही, पैसे वाचवा. टॅमॉक्सिफेन चालू असेल आणि पाळी गेलेली असताना थोडंसुद्धा रक्त गेलं, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं, तर वर्षाच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. मॅमोग्राफी शक्यतो एकाच सेंटरला करा, आणि नाहीच जमलं तर आधीच्या फिल्म आणि सीडी पिशवीत घालून न्या, नवीन ठिपका आहे की जुनाच ऑपरेशनचा वण आहे हे शेजारी शेजारी ठेवूनच कळतं. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडे असतात, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, दुसरं मत हवं असेल तर टाटाला किंवा आणखी कुठेही हेच पाठवतात, नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर कोणी पॅथॉलॉजिस्ट मत देत नाही.